घोट्यावरचा पट्टा

४ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुम्ही जन्मभर मुख्याध्यापिका होतात. पहिल्या ओळीवरून मुलीनं अभ्यास केलाय की नाही ते तुम्हाला कळतं, तेव्हा पुढचं वाचाच.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोन आहे, पण तो तुमच्या दादांच्या मांडीवर असतो. झटका आल्यापासून कुणाचाही फोन आला की तो स्पीकरवरच लावायचा, असा त्यांनी कायदा केलाय. बोलता येत नाही, निदान ऐकू तरी द्या, असं त्यांचं खुणांनी म्हणणं, आणि ते काही चूक नाही. पण मला माझ्या नणंदेशी चार शब्द खासगीत बोलायचे तर पोस्टाची पेटी गाठावी लागते.

आधी त्यांची खुशाली. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. काठी घेऊन आणि माझा खांदा धरून कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत येतात, तिथे बसतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालीला मनातल्या मनात नावं ठेवतात. ते तोंडावर दिसतं. शब्द म्हणाल तर मोजके आहेत: ये, नको, पाणी आणि ‘आधी तू’. हा शेवटचा सगळ्यांत लाडका. चहा दिला, आधी तू. मऊ भात कालवला, आधी तू. हातात दाबायचा रबरी चेंडू दिला, तरी आधी तू. मी दाबून दाखवला की मग ते दाबतात. गोळीच्या वेळी मी साखरेचा दाणा तोंडात टाकून पाणी पिते, तेव्हा कुठे गोळी आत जाते. माझ्यावर विश्वास आहे म्हणावं की मुळीच नाही म्हणावं, ते अजून ठरलेलं नाही.

याच सवयीपायी एक गंमत झाली. गंमतच म्हणते.

गेल्या आठवड्यात त्यांना नेहमीच्या तपासणीला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी नवीनच तपासणी सांगितली. प्रेशर बघताना दंडाला पट्टा बांधतात ना, तसाच घोट्यालाही बांधायचा आणि हातातलं प्रेशर पायातल्याशी ताडून बघायचं. पायातलं फारच कमी निघालं तर मधल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं समजायचं. सुई नाही, टोचणं नाही. पण तुमचे दादा घोट्याला पट्टा बांधतायत हे बघून असे बिथरले की पाय पोटाशी घेतला आणि माझ्याकडे बोट केलं, ‘आधी तू.’

तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, “आजी, तुम्हीच झोपा बघू दोन मिनिटं. आजोबांना जरा धीर येईल.”

झोपले. थंडगार चिकट काहीतरी लावलं, पेनासारखं यंत्र टेकवलं आणि उजव्या पायात रक्त वाहतंय त्याचा खस्‌ खस्‌ आवाज खोलीभर ऐकू आला. दादा खूश झाले. मग डाव्या घोट्याला बाई शोधत राहिल्या. शोधतायत, शोधतायत. पट्टा काढून पुन्हा बांधला. म्हणाल्या, “मशीनच बिघडलंय वाटतं.” तेच मशीन दादांना लावलं तर ठणठणीत चाललं. जन्मभर मोजणी खात्यात उन्हातान्हात जमिनी मोजत हिंडले ना, पायांच्या रक्तवाहिन्या जवानासारख्या. डोक्यातली एक तेवढी दगा देऊन गेली. आणि मी जन्मभर शिलाईच्या कारखान्यात गणवेशाच्या गठ्ठ्यांमागे बसलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी पाय दाखवून करून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. “चालताना पोटरी दुखते का?” म्हणाल्या. मी म्हटलं, या वयात कुणाची दुखत नाही? “मग थांबल्यावर राहते?” राहते. “कुठे कुठे थांबता?” मी सांगायला लागले, एक ते भांड्यांचं दुकान, मग चष्म्याचं, मग रोपवाटिकेचं फाटक. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. मला वाटायचं मला दुकानाच्या काचा बघायची हौस आहे. चष्म्याच्या दुकानात काय बघण्यासारखं असतं, वन्सं?

तर डाव्या पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय. पायाची एकटी होत नाही म्हणे, हृदयाकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्यांचंही तेच चाललेलं असतं. बायका गुडघ्यावर आणि वयावर ढकलतात आणि उशिरा येतात, असंही म्हणाल्या. गोळ्या दिल्यात. आणि रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा चालायचं. मी म्हटलं, मी दिवसभर पायांवरच असते की. तर म्हणाल्या, “उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. आणि यांच्याबरोबर चालता तेही धरायचं नाही. यांच्या चालीनं चाललात म्हणून तर इतके दिवस कळलं नाही.”

एवढंच. काळजीचं कारण नाही. त्यांचा डावा पाय चांगला आणि माझा उजवा, म्हणजे दोघांत मिळून एक धड जोडी आहे.

तुम्हाला एक विचारायचं होतं. पण ते पुन्हा केव्हातरी.

तुमची,
वहिनी


२२ मार्च

प्रिय वन्सं,

परवा फोनवर “वहिनी, तुमच्या पायाचं...” एवढं तुम्ही म्हणालात आणि मी स्वयंपाकघरातून “दूध उतू गेलं!” म्हणून जी ओरडले, ते दूध घरात नव्हतंच. पत्रात लिहिलेलं फोनवर विचारायचं नाही, एवढं कृपा करून लक्षात ठेवा. त्यांनी ‘पाय’ ऐकलंच. दिवसभर माझ्या पायांकडे बघत होते.

तुम्ही पत्रात लिहिलंत की चालण्यासारखं सोपं औषध नाही, रोज थोडा वेळ काढा. वन्सं, राग मानू नका, पण हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. वेळ काढायचा तो कुठून काढायचा, हे कुणी सांगत नाही.

मी काढून पाहिला. शेजारी बँकेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात, त्यांना म्हटलं, सकाळी जरा ह्यांच्याजवळ बसाल का? त्या आनंदानं वर्तमानपत्र घेऊन आल्या. मी निघाले. दुखायला लागलं की थांबायचं, तशी थांबले, पुन्हा निघाले. पोटरीत कुणीतरी ओला कपडा पिळावा तसं होतं. पण निघता येतं. रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत गेले आणि पुढे वळले. तिकडे कालवा आहे, त्याच्या काठानं रस्ता आहे, माझ्या घरापासून इतक्या जवळ, आणि मी तो कधी चालले नव्हते.

परत आले तर ते दाराशी कडी धरून उभे. चहा तसाच गार झालेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतर एकदा मी वळणावरून येतेय तर आमच्या दारात माणसं जमलेली. उंबऱ्यात पडले होते. माझ्यामागे निघाले होते, काठी न घेता. कपाळाला खोक पडली, टाके नाहीत पडले, देवाची कृपा. शेजारच्या बाई रडत होत्या. म्हणाल्या, “माझ्याच्यानं नाही व्हायचं हो हे. उद्या काही झालं तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवू?” त्यांचं बरोबर आहे. पगारी बाई ठेवून पाहिली, तिच्या हातचं ते पाणीही घेईनात. दोन दिवसांत तीच कंटाळून गेली.

मग मी घरातच चालायला लागले. ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत. प्रत्येक फेरीला ते ‘ये’ म्हणतात. ये म्हटलं की जावं लागतं, कारण चारांतला एखादा शब्द खरोखर कामाचा असतो. दुखायच्या आधीच थांबणं होतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो म्हणे.

परवा पुन्हा दाखवायला गेले. पूर्वी भांड्यांच्या दुकानापाशी क्षणभर थांबलं की भागायचं, आता तिथे बराच वेळ उभं राहावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तवाहिनी इलॅस्टिकसारखी असते, वापरात ठेवायला लागते. इलॅस्टिकचं मला कुणी शिकवायला नको, जन्मभर कमरपट्ट्यांत ओवलंय. एकदा कडक झालं की ते ताणायला जाल तर तुटतं. म्हणाल्या, “हे असंच राहिलं तर हळूहळू बसल्या जागी दुखेल. मग ऑपरेशन. आणि त्याआधी हृदयानं काही केलं तर तेही नाही.” आणि शेवटी काय म्हणाल्या माहितीय? “तुम्हीच पडलात तर आजोबांना कोण बघणार?”

हे मी हल्ली सगळ्यांच्या तोंडून ऐकतेय. शेजारच्या बाई म्हणतात, त्यांच्यासाठी तरी स्वतःला जपा. औषधाच्या दुकानातला म्हणतो, आजोबांसाठी तरी गोळ्या चुकवू नका. तुम्हीही पत्रात लिहिलंत, दादासाठी तरी. माझा पाय म्हणजे त्यांच्या खुर्चीचा चौथा पाय झालाय. तो मोडला तर खुर्ची पडेल, म्हणून तेल-पाणी करायचं.

मला माझा पाय मला हवाय, वन्सं. कालव्याच्या काठानं जायला हवाय. एवढंच कारण पुरे की नाही?

आता जे विचारायचं होतं ते विचारते. तुमच्या दादांना काही महिने तुमच्याकडे घेऊन जा. आम्हाला मूलबाळ नाही, तुम्हाला माहीतच आहे, दुसऱ्या कुणाला हे विचारता येणार नाही. तुमचं घर तळमजल्यावर आहे, तुमची तब्येत धडधाकट आहे, तुमच्याकडे दिवसभराची बाई आहे. आणि त्यांनी माझ्याआधी कुणाचं ऐकलं असेल तर तुमचंच.

नणंदेला असं लिहिणारी भावजय मी ऐकलेली नाही. तुम्हीही ऐकली नसेल. लिहून झालं, आता पेटीत टाकून येते, नाहीतर फाडून टाकेन.

तुमची,
वहिनी


९ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. “मीच तिकडे येऊन राहते, तुम्ही खुशाल चाला” हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मग पदरानं पुसलं आणि विचार केला.

तुम्ही येऊ नका.

तुम्ही आलात तर तुमचा चहा होईल, तुमचं आंघोळीचं पाणी होईल, तुम्ही कितीही “मी काय पाहुणी आहे का” म्हणालात तरी माझे हात ऐकायचे नाहीत. आणि ते तुमच्याकडून काही घेणार नाहीत, कारण मी घरात असेन. मला आतून हाक मारतील. मी ऐकू येईन इतकी जवळ असले की त्यांना तुम्ही चालणार नाही, आणि हाक आली की मला गेल्याशिवाय राहवत नाही. इलाज एकच. मी ऐकू न येण्याइतकी लांब असायला हवी.

तुम्ही लिहिलंत, “दादाला तुमच्याशिवाय जमणार नाही, वहिनी.” नाहीच जमणार पहिले काही दिवस. पण मलाही त्यांच्यासकट जमत नाहीये, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मी दमलेय, वन्सं. सकाळी उठते तीच दमलेली. काल पोळपाट धुताना ओट्याला टेकून उभी राहिले आणि मनात आलं, आता इथेच बसावं, कुणी उठवू नये. ते आतून ‘ये’ म्हणाले. मी ऐकलं आणि गेले नाही. थोड्याच वेळानं गेले. त्यांना काहीही नको होतं, नुसतं बघायचं होतं मी आहे ना.

तो थोडा वेळ मी जी गेले नाही ना, त्यात मला त्यांचा राग आला होता. आजारी माणसाचा. हो, राग आला होता. त्या रागानं त्यांना सांभाळण्यापेक्षा त्यांना तुमच्याकडे धाडलेलं बरं, असं मला वाटतं. तुम्हाला पटत नसेल तर स्पष्ट लिहा. मी वाईट वाटून घेईन, पण कळवा.

पटत असेल तर हे वाचून ठेवा. त्यांना उठवताना समोरून हात देऊ नका, घाबरतात. उजव्या बाजूनं मागून कोपर धरा आणि स्वतः आधी वाका, म्हणजे ते वाकतात. उजव्या पायाचा मोजा उलटा करून मग चढवायचा. ताटात आधी तुम्ही एक घास घ्यायचा, त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि गिळून दाखवायचा. नुसता तोंडात धरलेला त्यांना कळतो. व्यायाम करताना तुम्हीही करायचे. सगळे. तुम्हाला म्हणून सांगते, खुर्चीतून हात न लावता उठण्याचा जो आहे तो सोपा वाटतो, पण करून बघा. संध्याकाळी कपाळाला हात लावला की शांत होतात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांना मी सांगितलं. समोर बसून, सगळं. पायाचं, गोळ्यांचं, तुमच्याकडे जाण्याचं. ते बराच वेळ माझ्या डाव्या घोट्याकडे बघत राहिले. मग वाकून डाव्या हातानं त्यांनी माझा घोटा धरला, तपासणाऱ्या बाईंनी पट्टा बांधला होता तिथेच. त्या चार शब्दांत याला शब्द नाही.

तुमची,
वहिनी


३ मे

प्रिय वन्सं,

दादांना न्यायला आलात तेव्हा त्यांना गाडीत बसवताना तुम्ही पुढे बघत राहिलात आणि माझ्याकडे वळला नाहीत, ते मला समजलं. तुम्ही वळला असतात तर मी दार उघडून आत बसले असते.

पहिले दोन दिवस मी झोपले. दुपारी, सकाळी, केव्हाही. पोटात भूक असली तरी उठावंसं वाटेना. स्वतःपुरतं कुकर लावायचा म्हणजे किती तांदूळ घ्यायचे तेच हाताला कळेना. घर इतकं गप्प की शेजारच्या बाई दार वाजवून बघून गेल्या मी जिवंत आहे ना. तिसऱ्या दिवशी बूट घातले. चालायचे बूट मी पहिल्यांदाच घेतले, वन्सं, साडीखाली दिसतात बदकासारखे.

चालले. भांड्यांच्या दुकानापाशी दुखायला लागलं. या वेळी काचेत बघायचं नाटक केलं नाही. रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले, दुखणारी बाई म्हणून. कुणी बघितलं नाही. ओसरलं की निघाले. फाटकापाशी पुन्हा, कालव्यापाशी पुन्हा. रोज जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुनी वाट काही पूर्वीसारखी व्हायची नाही, पण चालत राहिलं की बाजूच्या बारीक गल्ल्या उघडतात आणि रक्त तिकडून वळसा घालून जातं. त्याला महिने लागतात. दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, आता पोटरीला शिकवायचं चाललंय. काल दुकान ओलांडलं आणि मग दुखलं.

तुम्ही लिहिलंत की पहिल्या आठवड्यात त्यांनी धड काही खाल्लं नाही, मग तुम्ही ताटातला अर्धा भात स्वतःच खाल्लात तेव्हा कुठे सुरुवात झाली. आणि तो खुर्चीतून उठण्याचा व्यायाम करताना तुम्हाला दोनदा हात लावावा लागला. मी एकटीच मोठ्यानं हसले. तुम्हीही तो घोट्याचा पट्टा एकदा बांधून घ्या. सडपातळ आहात, रोज फिरता, हे सगळं खरं. मीही ठणठणीतच होते. हे मी दादांसाठी म्हणत नाही. तुमच्यासाठी म्हणते.

रोज संध्याकाळी ते दारात बसतात आणि ‘ये’ म्हणतात, हेही तुम्ही लिहिलंत. आणि खाली विचारलंत, कधी न्यायला येताय?

खरं सांगते. कालव्याच्या काठानं चालताना मला त्यांची आठवण येत नाही. घरी येऊन बूट काढले की येते, आणि मग इतकी येते की मोजे हातात धरून बसून राहते. दोन्ही खरं आहे. मी इतके दिवस समजत होते की एक खरं असेल तर दुसरं खोटं असणार.

कधी येणार ते मला माहीत नाही. गल्ल्या उघडायच्या आहेत अजून. लवकर येते असं लिहिलं तर मी परवाच्या गाडीत बसेन, आणि मग पुन्हा ओटा ते दार आणि दार ते ओटा. फोन स्पीकरवर लावू नका. त्यांचा ‘ये’ मला ऐकवू नका, वन्सं. ऐकला तर माझ्यानं राहवणार नाही, आणि मला राहायचं आहे.

त्यांनी दारात बसून माझं विचारलं, तर आजारी आहे म्हणू नका, घाबरतील. निघाली आहे म्हणू नका, वाट बघतील. चालायला गेली आहे म्हणा.

तुमची,
अजून घरी न पोचलेली
वहिनी